चोर तुमच्या आवाजात बोलला, आता तुम्ही बोला

पत्र (थोडक्यात): कराडजवळच्या एका गावातून लिहितेय. वय ४३. सात वर्षं झाली, यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर रेसिपी टाकते. यूट्यूबला ६२ हजार आणि इन्स्टाला १ लाख ८० हजार माणसं जोडलेली आहेत. त्यावरच कांदा-लसूण मसाल्याच्या ऑर्डरी येतात, हाताखाली पाच बायका आहेत. मार्चमध्ये एका मिक्सर कंपनीच्या नावाने जाहिरातीचा मेल आला. मुलाने त्याच्या लॅपटॉपवर करार उघडला. त्याच रात्री चॅनलचं नाव बदललं, माझे व्हिडिओ गायब झाले आणि कुठल्यातरी कॉइनचं लाइव्ह सुरू झालं. इन्स्टाच्या स्टोरीवर माझाच फोटो आणि खाली मजकूर, ‘मी वीस हजार गुंतवले, दोन दिवसांत दोन लाख मिळाले.’ ज्यांनी विचारलं त्यांना माझ्या नावाने उत्तरंही गेली, ‘हो गं, मी स्वतः केलंय.’ चौदा बायकांनी पैसे पाठवले. एकीने भिशीचे १८ हजार पाठवले. पाच दिवसांनी दोन्ही अकाउंट परत मिळाली. त्यानंतर तीन आठवडे मी काहीही टाकलेलं नाही, फोन बंद करून ठेवलाय. ‘ही पण सामील असणार’, ‘ओटीपी दिल्याशिवाय असं होतं का’ अशा कमेंट आहेत. मिस्टर म्हणतात, बंद कर हे सगळं. मुलगा धड जेवत नाही. माझं चुकलं का? पैसे मी भरून द्यायचे का? परत सुरू करायचं की नाही?

ताई,

तुमच्या तीनही प्रश्नांकडे येतेच, पण त्याआधी एक काम सांगते. हे वाचून झालं की फोन सुरू करा आणि आजच दोन मिनिटांचा एक व्हिडिओ करा. ओट्यापाशी, नेहमी जिथे उभ्या राहता तिथेच उभ्या राहा. ‘अमुक तारखेच्या रात्रीपासून तमुक तारखेपर्यंत माझं अकाउंट चोराच्या हातात होतं. त्या दिवसांत गुंतवणुकीबद्दल माझ्या नावाने जे आलं, त्यातलं एक अक्षर माझं नाही. मी कुठेही पैसे गुंतवलेले नाहीत. ज्यांचे पैसे गेले त्यांनी आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.’ एवढं बोला आणि तो व्हिडिओ दोन्हीकडे सगळ्यात वर लावून ठेवा. रडू आलं तर येऊ दे, पण कापून, सजवून काही करू नका.

हे मी इतक्या घाईने का सांगतेय? तुमच्या पत्रात एक वाक्य नाही म्हणून. अकाउंट परत मिळाल्यावर तुम्ही लोकांना काय सांगितलंत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक काहीच सांगितलेलं नसावं. चोराची स्टोरी २४ तासांत आपोआप नाहीशी झाली असेल, पण मेसेजमधली ‘हो गं, मी स्वतः केलंय’ ही वाक्यं त्या बायकांच्या फोनमध्ये अजून आहेत आणि ती तुमची म्हणूनच आहेत. त्यातली एखादी आजही त्याच माणसाला ‘अजून थोडे भरले की सगळे सुटतील’ म्हणून पैसे पाठवत असू शकते. असे चोर एकदा घेऊन थांबत नाहीत. आधी गुंतवणूक, मग पैसे काढायची फी, मग टॅक्स, असं चालूच राहतं. तुम्ही बोलाल तेव्हाच ते थांबेल.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी माझा फोटो लावून कोणीतरी व्हॉट्सॲप खातं काढलं आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडे ‘हॉस्पिटलसाठी’ पैसे मागितले. दुपारी दोघांचे फोन आले, पैसे दिल्याचे. मला इतकं कानकोंडं झालं, की सगळ्यांना कळवायचं मी दुसऱ्या दिवसावर ढकललं. म्हटलं, रात्री शांतपणे नीट मजकूर लिहू. त्या रात्री तिसऱ्या मुलीने पैसे पाठवले. तिची नोकरी नुकतीच लागली होती. पहिल्या दोघांचे पैसे चोराने नेले. तिसरीचे माझ्या संकोचामुळे गेले, असं मी आजही मानते. तेव्हापासून ज्याचं खातं फुटलं त्याला माझं पहिलं सांगणं हेच असतं, आधी सगळ्यांना सांगा, बाकीचं नंतर.

आता पहिला प्रश्न, तुमचं चुकलं का.

चोराने तुमचं चॅनल का निवडलं ते आधी समजून घेऊ. तुमच्या गावात अशी दोन-चार ठिकाणं असतील जिथून सगळ्या बातम्या फिरतात. पिठाची गिरणी, स्टँडवरची चहाची टपरी, आशाताई. बाकीच्यांची उठबस आपापल्या घरापुरती असते. इंटरनेटवरच्या जाळ्याचंही तसंच आहे. बहुतेकांच्या गाठी थोड्या आणि मोजक्यांच्या हजारो. जाळ्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ अल्बर्ट-लास्लो बाराबासी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं, की अशा जाळ्यातल्या गाठी डोळे मिटून कुठल्याही काढत गेलं तर जाळं बराच काळ टिकून राहतं. पण सगळ्यात जास्त जोडलेल्या गाठी निवडून काढल्या, तर थोडक्यातच त्याचे तुकडे पडतात. त्यांचा अभ्यास गाठ तोडण्याबद्दल होता. चोराने पुढची पायरी शोधली. गाठ तोडायची कशाला, ती ताब्यात घ्यायची आणि तिच्या तोंडून बोलायचं. १ लाख ८० हजार बायकांना एकेक करून फसवायला त्याला जन्म पुरला नसता. तुमच्यावर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्याचं काम एका रात्रीत झालं. लक्ष्य त्या बायका होत्या आणि तुम्ही त्यांच्यापर्यंत जायचं दार होतात.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे १५ जुलै २०२०. ट्विटरवर बराक ओबामा, जो बायडन, बिल गेट्स, इलॉन मस्क आणि ॲपल कंपनी अशा खात्यांवरून एकाच धाटणीचा मजकूर आला, या पत्त्यावर बिटकॉइन (इंटरनेटवरचं आभासी चलन, म्हणजेच क्रिप्टो) पाठवा, दुप्पट परत करतो. १३० खात्यांवर हात टाकला गेला आणि ४५ खात्यांवरून तो मजकूर गेला. काही तासांत लोकांनी १ लाख डॉलरहून जास्त रक्कम पाठवली. यात ओबामांनी कुणाला पासवर्ड दिला नव्हता की कुठली लिंक दाबली नव्हती. चोरांनी ट्विटरच्याच कर्मचाऱ्यांना फोन करून, आपण कंपनीच्या तांत्रिक विभागातले आहोत असं भासवून आतली किल्ली मिळवली होती. सूत्रधार निघाला फ्लोरिडातला १७ वर्षांचा मुलगा. त्यातली एक गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागली. चोरी थांबवण्यासाठी ट्विटरने सगळ्याच निळ्या खुणेच्या खात्यांची तोंडं काही काळ बंद केली. नेमकं त्याच वेळी अमेरिकी हवामान खात्याच्या इलिनॉय राज्यातल्या लिंकन कार्यालयाला टोर्नेडोचा, म्हणजे चक्री वावटळीचा इशारा ट्विटरवर देता येईना. ज्यांच्याकडे लोक कान लावून बसलेले असतात त्यांचा आवाज गेला, की नुकसान असं दूरवर जातं. तुमच्याकडेही तेच झालं. चौदा जणींचे पैसे गेले, आणि पाच बायकांची मजुरी तीन आठवडे थांबली. तिचाही हिशेब मांडा.

आता तुमच्या घरी काय घडलं असेल ते सांगते, म्हणजे ‘ओटीपी दिल्याशिवाय होतं का’ या प्रश्नाला उत्तर देता येईल. जत्रेतल्या आनंद मेळ्यात एकदा तिकीट दाखवलं की मनगटावर शिक्का मारतात. मग आत-बाहेर कितीही वेळा करा, पुन्हा तिकीट विचारत नाहीत. ब्राउझरमध्ये तुम्ही एकदा लॉगिन केलंत की यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि जीमेल असाच एकेक शिक्का तिथे ठेवतात, म्हणून रोज पासवर्ड टाकावा लागत नाही. त्याला कुकी म्हणतात. मुलाने ‘करार’ म्हणून जी फाइल उघडली ती बहुधा कागद नव्हतीच, कागदाचा वेश घेतलेला प्रोग्रॅम होता. त्याने काही क्षणांत ते सगळे शिक्के उचलून चोराकडे पाठवले. चोराने तो शिक्का स्वतःच्या मनगटावर लावला आणि आत आला. दाराशी त्याला कुणी पासवर्डही विचारला नाही की ओटीपीही. दोन्ही अकाउंट एकाच रात्री गेली, त्याचं कारण हेच दिसतं. त्या ब्राउझरमध्ये दोन्ही उघडी असणार.

हा धंदा जुना आहे. गूगलच्या सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची तपशीलवार माहिती दिली होती. २०१९ च्या अखेरीपासून यूट्यूबवाल्यांना जाहिरातीचा, सहकार्याचा मेल पाठवायचा आणि अशीच फाइल उघडायला लावायची. त्यांनी सुमारे ४ हजार चॅनल मालकांना परत मिळवून दिली. चोरबाजारात अशा चॅनलचा भाव ३ डॉलरपासून ४ हजार डॉलरपर्यंत होता. जेवढी माणसं जास्त, तेवढा भाव जास्त. म्हणजे तुमच्या सात वर्षांच्या भाकरी-पिठल्यालाही तिथे कुणीतरी किंमत लावली असेल. हे लिहिताना मला संताप येतो.

संगणक हाच ज्यांचा व्यवसाय तेही यातून सुटलेले नाहीत. कॅनडातले लायनस सेबॅस्टियन यांचं ‘लायनस टेक टिप्स’ हे चॅनल घ्या. दीड कोटीच्या आसपास प्रेक्षक आणि विषय संगणक. २३ मार्च २०२३ च्या पहाटे ते असंच गेलं. त्यांच्या टीममधल्या एकाने प्रायोजकाचा प्रस्ताव समजून फाइल उघडली, शिक्के गेले आणि चॅनलवर टेस्लाच्या नावाने क्रिप्टोचं लाइव्ह सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसून सगळं कसं घडलं ते सांगितलं. फाइल उघडणाऱ्या सहकाऱ्याला दोष दिला नाही. आपलं शिकवणं आणि आपली कामाची पद्धत कमी पडली, असं म्हणाले. हा भाग मुलाला जवळ बसवून वाचून दाखवा. आपल्याकडे २० सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच यूट्यूब चॅनलवर क्रिप्टोचा व्हिडिओ दिसत होता. डिसेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांचं ट्विटर खातं थोड्या वेळासाठी गेलं आणि त्यावरून बिटकॉइनबद्दल खोटा मजकूर गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या खात्यावर परक्या देशांचे झेंडे दिसले. यातल्या कुणाला ‘तुम्ही सामील होता का’ असं कुणी विचारलं नाही. गावातल्या बाईला विचारतात. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसलीच ही गत, आणि ती तुम्ही मान खाली घालून सोसायचं काही कारण नाही.

तेव्हा चुकलं का? मेल नीट न पारखता फाइल उघडली, ही चूक झाली. ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते पुढे सांगते. पण त्या बायकांना फसवलं चोराने. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा. गप्प राहण्याची चूक मात्र तुमची स्वतःची आहे, आणि ती आज सुधारता येते.

बोलण्याने किती फरक पडतो, त्याची एक गोष्ट ऐका. २३ एप्रिल २०१३ ला असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेच्या ट्विटर खात्यावरून बातमी आली, व्हाइट हाउसमध्ये दोन स्फोट झाले, ओबामा जखमी. काही मिनिटांत अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक १४० अंकांहून जास्त कोसळला. एका खोट्या ओळीवर एवढं झालं, कारण ती ओळ एपीच्या तोंडून आली होती. पण एपीची माणसं लपून बसली नाहीत. खातं हातात नव्हतं, तरी त्यांच्या पत्रकारांनी आपापल्या खात्यांवरून हे खोटं असल्याचं लिहिलं. व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदेत एपीच्याच प्रतिनिधी ज्युली पेस यांनी आमचं खातं हॅक झालंय असं सर्वांसमक्ष सांगितलं. बाजार तितक्याच मिनिटांत सावरला. आणि एपीच्या शब्दावर लोक आजही विश्वास ठेवतात.

आपल्या जवळचंही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रिया सुळे यांचा फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झालं, तेव्हा त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं, मला फोन किंवा मेसेज करू नका, मी पोलिसांकडे गेले आहे. सचिन तेंडुलकर यांचं तर खातंही गेलं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा चेहरा आणि आवाज बनावट जोडून एका गेमिंग ॲपची जाहिरात फिरवली गेली. त्यांनी तोच व्हिडिओ स्वतःच्या खात्यावर टाकून हे खोटं आहे असं सांगितलं आणि पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. त्या व्हिडिओखाली काय कमेंट येतील याची वाट ते बघत बसले नाहीत.

दुसरा प्रश्न पैशांचा. हा नाजूक आहे, म्हणून सावकाश सांगते.

तुमचा त्यात हात नव्हता, तेव्हा कायद्याने ती भरपाई तुमच्यावर येते असं मला दिसत नाही. पण मी वकील नाही. साताऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. एक दिवस काढून जाऊन या. तोपर्यंत कुणालाही पैसे पाठवू नका. तक्रार नोंदवायच्या आधी गुपचूप पैसे परत केलेत, तर ‘हिनेच घेतले होते म्हणून दिले’ असं बोलायला लोक मोकळे होतील. शिवाय चौदाच्या चाळीस व्हायला वेळ लागत नाही. ज्यांनी काही दिलंच नव्हतं, तेही दारात उभे राहतील.

पैसे परत यायचा रस्ता सरकारी आहे आणि त्यावर ज्याचे पैसे गेले त्यालाच चालावं लागतं. चौदाही जणींनी आपापली तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर द्यायची. यूपीआय किंवा बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, समोरच्याचा खाते क्रमांक आणि ते चॅट हाताशी ठेवायचं. तक्रार नोंदली की पैसे ज्या-ज्या खात्यांतून पुढे सरकले, त्या बँकांना कळवून तिथे शिल्लक असलेली रक्कम गोठवता येते. पहिल्या काही तासांत हे झालं तर हाती बरंच लागतं. तीन आठवड्यांनी थोडं लागेल, कदाचित काहीच लागणार नाही. तरीही तक्रार द्यायचीच. त्याच खात्यात आज दुसऱ्या कुणाचे पैसे येत असतील, ते तरी अडतील. यातल्या कितीजणींना हे पोर्टल जमेल? एक दुपार ठरवा, सगळ्यांना घरी बोलवा, मुलाला फॉर्म भरायला बसवा. तुमच्या हाताखालच्या पाचजणींनाही बोलवा. घाबरलेल्या बाईला चौकीपेक्षा तुमच्या ओसरीवर बोलणं सोपं जाईल.

तुमची स्वतःची तक्रार वेगळी द्या. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणं हा ६६ डी खाली गुन्हा आहे. चॅनलचं बदललेलं नाव, ती स्टोरी, गूगल आणि इन्स्टाग्रामकडून त्या पाच दिवसांत आलेले मेल, मिक्सर कंपनीच्या नावाचा मूळ मेल, जे सापडेल त्याचे स्क्रीनशॉट जोडा. त्यातलं काहीही पुसू नका, तो मूळ मेल तर मुळीच नको. तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो व्हिडिओखाली लिहा. ‘सामील असणार’ म्हणणाऱ्याला तोच उत्तर देईल, तुम्ही वाद घालत बसू नका.

आणि ती भिशीवाली. तिचे १८ हजार म्हणजे तिच्या घरात काय असेल ते मला कळतं, तुम्हाला तर माझ्याहून जास्त. तक्रार झाल्यावर, वकिलाला विचारून, तिला हातभार लावावासा वाटला तर लावा. शेजारधर्म म्हणून लावा, दंड म्हणून नको, आणि दोन माणसांदेखत द्या. तिला मसाल्याच्या कामावर घेता आलं तर मला ते अधिक बरं वाटेल.

आणखी एक धोका आहे, आणि तो आता येणार आहे. ‘हॅक झालं’ असं तुम्ही जाहीर केलंत की खाली कमेंटमध्ये आणि मेसेजमध्ये माणसं उगवतील. ‘मी तुमचे पैसे परत मिळवून देतो’, ‘मी एथिकल हॅकर आहे’, ‘सायबर सेलमधून बोलतोय, फी भरा’. ही त्याच गिधाडांची दुसरी फेरी असते. व्हिडिओत हेही एका वाक्यात सांगून टाका.

आता घराची दारं लावून घेऊ. अकाउंट परत मिळालं म्हणजे चोर बाहेर गेला, असं धरून चालू नका. तो लॅपटॉप अजून तसाच असेल तर त्यावरून काहीही उघडू नका. तिथे बसून नवा पासवर्ड टाकलात, तर तोही त्याच्याकडे जाईल. बरेचजण फोनवर अँटिव्हायरस टाकतात आणि लॅपटॉप तसाच वापरत राहतात, हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालं. आधी तपासाला लॅपटॉप लागेल का, ते पोलिसांना विचारा. नको म्हणाले तर फोटो वगैरे काढून घेऊन तो पूर्ण फॉरमॅट करा.

तोपर्यंत तुमच्या फोनवरून जीमेलपासून सुरुवात करा, कारण बाकी सगळ्याच्या चाव्या तिथे येतात. पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. त्याने जुने शिक्के बाद होतात. मग चोराने काही मागे सोडलंय का ते बघा. रिकव्हरीला त्याचा नंबर किंवा मेल लावलेला आहे का, तुमचे मेल दुसरीकडे आपोआप पाठवणारा नियम करून ठेवलाय का, यूट्यूब स्टुडिओच्या परवानग्यांत अनोळखी माणूस आहे का, इन्स्टाग्रामला कुठलं परकं ॲप जोडलेलं आहे का. मागचं हे दार अनेकांकडून उघडं राहतं आणि महिन्याने पुन्हा तेच घडतं. तुमचे गायब झालेले व्हिडिओही तपासा. बरेचदा चोर ते पुसत नाही, नुसते खासगी करून ठेवतो.

दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) ऑथेंटिकेटर ॲपवर, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ॲपवर, किंवा पासकीवर, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने उघडण्यावर ठेवा, एसएमएसवर नको. सिम दुसऱ्याच्या नावाने काढून घेतलं की एसएमएसही त्याच्याकडे जातात. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांचं स्वतःचं खातं ऑगस्ट २०१९ मध्ये असंच नंबर पळवून फोडलं गेलं होतं. एरवी रेंज असते अशा ठिकाणी कधी फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि तासभर आलं नाही, तर शेजाऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारा.

जाहिरातीच्या मेलसाठी वेगळा पत्ता काढा, जो चॅनलच्या मालकीला जोडलेलाच नसेल. तिथे फाइल आली तरी ती चॅनल असलेल्या ब्राउझरमध्ये उघडायची नाही. करार म्हणून झिप (गाठोडं बांधलेली फाइल) आली आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असेल, तर थांबा. तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येऊ नये म्हणूनच बहुधा ती कुलूपबंद केलेली असते. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन लावा. खऱ्या कंपनीला तुमचा फोन आला म्हणून राग येत नाही. ‘आजच सही करा, उद्या दुसऱ्याला देऊ’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, मग तो कितीही मोठी रक्कम देत असो.

तिसरा प्रश्न, परत सुरू करायचं का. मिस्टरांचं म्हणणं मी समजू शकते, तुमचे हाल त्यांना बघवत नसतील. पण आज बंद केलंत तर चॅनलवरचा तुमचा शेवटचा शब्द चोराचा राहील. सात वर्षं ज्या बायका तुम्ही सांगाल तेवढंच मीठ घालत आल्या, त्यांच्या मनात तुमचा आवाज म्हणून ती गुंतवणुकीची स्टोरीच उरेल. काहीजणी सोडून जातील, हजार-दोन हजार आकडा खाली येईल, येऊ दे. ज्या राहतील त्यांना पुढच्या वेळी ताईंच्या नावाने पैसे मागणारा मेसेज आला, तर त्या आधी फोन करून विचारतील. तेवढं त्यांना शिकवायला आज तुमच्याइतकं योग्य माणूस कुणी नाही. म्हणून माझं उत्तर हो, सुरू करा. पहिला व्हिडिओ तो दोन मिनिटांचा. मग आठवडाभर कमेंटना उत्तरं द्या. शिव्या असतील त्या लपवा आणि खऱ्या प्रश्नांना तुमच्याच शब्दांत उत्तर द्या. मग रेसिपी. वाळवणाचे दिवस आहेत, बायका सांडगे आणि कुरडयांचं प्रमाण विचारतच असतील.

राहिला मुलगा. तो जेवत नाही, याची मला चौदा जणींच्या पैशांइतकीच काळजी वाटते. ‘तुझ्यामुळे झालं’ असं घरात कुणीही म्हणू नका, चेष्टेतही नको. आणि ‘तुझी काही चूक नाही’ असंही नुसतं म्हणू नका, ते त्याला पटणार नाही. त्याला काम द्या. लॅपटॉप त्याने पुसायचा, जीमेलमधले ते नियम त्याने शोधायचे, त्या दुपारी फॉर्म त्याने भरायचे. त्यातही भिशीवाल्या बाईंचा फॉर्म सगळ्यात आधी. पोर्टलवरून तक्रार क्रमांक आला की तो कागदावर लिहून त्यानेच त्यांच्या हातात द्यायचा. त्यानंतरही आठवडाभरात जेवण सुधारलं नाही, झोप लागेना झाली, तर मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं. तुम्हीही बोला, दोघं मिळून बोलला तरी चालेल.

व्हिडिओ टाकला की मला कळवा. त्याच्याखालची पहिली चांगली कमेंट मी लिहिणार आहे.